बिझनेस स्टॅटिस्टिक्सच्या शिक्षकांचा फीडबॅक कसा वाचायचा

सेमिस्टर संपत आलं की फीडबॅकचे फॉर्म फिरतात. मग एक्सेलची शीट तयार होते आणि प्रत्येक शिक्षकाच्या नावापुढे एक आकडा बसतो: ३.२, ३.८, ४.१. बी.कॉम., बीएमएस, बीबीए, कुठलाही अभ्यासक्रम घ्या, आकडेमोडीचा विषय शिकवणारे या यादीत बहुधा खालच्या बाजूला सापडतात. अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या चौदा हजारांहून जास्त वर्गांच्या मूल्यमापनाचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यातही गणिती विषयांच्या शिक्षकांना इंग्रजीसारख्या विषयांच्या शिक्षकांपेक्षा सरळ सरळ कमी गुण मिळालेले दिसतात. म्हणून स्टॅट्सच्या मॅडमची तुलना मार्केटिंगच्या सरांशी करायची नाही, इथून सुरुवात.

मुलांचं मत महत्त्वाचं आहे, आणि तेच मत आपण सरासरी काढून वाया घालवतो, हे माझं ठाम म्हणणं. ज्या विषयात पहिल्याच महिन्यात ‘नुसत्या सरासरीवर विसंबू नका, विचलन बघा’ असं शिकवलं जातं, त्याच विषयाच्या शिक्षकाला नुसत्या सरासरीवर तोलणं चुकीचं आहे.

दोन शिक्षक घेऊ. दोघांच्या वर्गात ४०-४० जणांनी १ ते ५ मध्ये गुण दिले. पहिल्यांना ५ देणारे २, ४ देणारे १२, ३ देणारे १८ आणि २ देणारे ८. बेरीज १२८, सरासरी ३.२. दुसऱ्यांना ५ देणारे १६, मग ४, ३ आणि २ देणारे प्रत्येकी ४, आणि १ देणारे १२. बेरीज पुन्हा १२८, सरासरी पुन्हा ३.२. शीटवर दोघं सारखे दिसतात. प्रमाण विचलन, म्हणजे गुण सरासरीच्या आजूबाजूला किती पसरलेत ते सांगणारा आकडा, काढलं तर पहिल्यांचं ०.८१ येतं, दुसऱ्यांचं १.७२. पहिल्यांचं शिकवणं बहुतेकांना ‘ठीक आहे’ वाटतंय. दुसऱ्यांचा वर्ग मात्र मधोमध फाटलाय: १६ जणांना ते सगळ्यात आवडते, १२ जणांना काहीच कळत नाहीये. दोघांना एकच सल्ला देऊन कसं चालेल?

असा वर्ग का फाटतो, याचं एक कारण आपल्याकडे अगदी ठरलेलं आहे. बारावी कॉमर्सला गणित हा ऐच्छिक विषय. निम्मा वर्ग गणित घेऊन आलेला असतो, उरलेला एसपी म्हणजे सेक्रेटरियल प्रॅक्टिस घेऊन. एसपीवाल्या मुलामुलींचा दहावीनंतर गणिताशी फारसा संबंध आलेला नसतो. म्हणून फॉर्ममध्ये ‘बारावीला गणित होतं का?’ हा एक प्रश्न टाकाच. त्याशिवाय दोन डिव्हिजनची तुलना करणं धोक्याचं आहे. कसं, ते बघा. समजा ‘अ’ डिव्हिजनमध्ये गणितवाले ४० आणि एसपीवाले २०. त्यांनी आपल्या शिक्षकांना सरासरी ४.२ आणि ३.० दिले. एकूण सरासरी ३.८. ‘ब’मध्ये गणितवाले १५, एसपीवाले ४५, त्यांची सरासरी ४.४ आणि ३.२. एकूण ३.५. ‘ब’च्या शिक्षकांना दोन्ही गटांनी जास्त गुण दिलेत, तरी एकूण आकड्यात ते मागे पडले, कारण त्यांच्याकडे एसपीची मुलं जास्त आहेत. एडवर्ड सिम्पसनने १९५१ साली मांडलेला हाच तो विरोधाभास. वर्गात शिकवायला याहून जवळचं उदाहरण मिळणार नाही.

दुसरी गोष्ट, फॉर्म भरलाच नाही त्यांची. वर्ग १२० चा, फॉर्म ४० जणांनी भरला, त्यातले ३० समाधानी. अहवालात ‘७५ टक्के विद्यार्थी समाधानी’ असं छापून येतं. न भरणारे ८० जण नाराज असतील तर समाधानी फक्त २५ टक्के. सगळेच खूश असतील तर ११० म्हणजे जवळजवळ ९२ टक्के. खरं उत्तर या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी आहे, आणि ४० जणांचा हा गट चिठ्ठ्या टाकून निवडलेला नसल्यामुळे ‘एवढ्या टक्क्यांची त्रुटी’ असं सूत्र लावूनही ते हाती लागत नाही. लेक्चरला न येणारी मुलं फॉर्मही भरत नाहीत, आणि शिकवणं कळेनासं झाल्यामुळे यायची बंद झालेली मुलं नेमकी त्यांच्यातच असतात. यावर उपाय साधा आहे: फॉर्म व्हॉट्सॲप ग्रुपवर सोडून न देता ट्युटोरियलच्या तासाला दहा मिनिटं देऊन भरून घ्यायचा. त्या वेळी त्या शिक्षकांनी वर्गाबाहेर थांबायचं. गुगल फॉर्म असेल तर ईमेल गोळा करण्याचा पर्याय बंद आहे ना, ते आधी तपासायचं. तो चालू असला की मुलं सगळीकडे ४ देऊन मोकळी होतात.

कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅक या संस्थेच्या २०१७ च्या पद्धतीत विद्यार्थी समाधान सर्वेक्षण आलं. त्यात ० ते ४ अशा पर्यायांचे २० प्रश्न आणि सूचनांसाठी एक खुला प्रश्न. हे सर्वेक्षण संपूर्ण संस्थेसाठी आहे. अनेक कॉलेजं तेच प्रश्न उचलून एकेका शिक्षकाला लावतात, आणि मग स्टॅट्सच्या शिक्षकाला काय सुधारायचं याचा पत्ताच लागत नाही. त्यापेक्षा खुल्या प्रश्नाखाली मुलं मोडक्यातोडक्या वाक्यांत जे लिहितात, ते सोन्यासारखं असतं. फक्त ते वाचता यायला हवं.

सगळ्यात जास्त वेळा येणारं वाक्य: ‘सर खूप फास्ट शिकवतात.’ सर हे वाचून हळू बोलायला लागतात आणि पुढच्या वेळीही हेच वाक्य येतं, कारण अडचण बोलण्याच्या वेगाची नसते. सहसंबंधाचं किंवा रिग्रेशनचं, म्हणजे एका आकड्यावरून दुसऱ्याचा अंदाज बांधायचं, एक गणित घ्या. रकाने पाच: x, y, x², y², xy. दहा जोड्या म्हणजे ५० चौकटी, त्यातल्या ३० आकडेमोड करून भरायच्या. सर नोट्समधून पाहून आख्खा तक्ता फळ्यावर उतरवतात. मुलं कॅल्क्युलेटरवर सहाव्या ओळीत असतात तोवर फळा पुसलेला असतो. त्यानंतरचं सगळं नुसतं उतरवून घेणं. यावर इलाज असा: पहिल्या दोन ओळी शिक्षकांनी सोडवायच्या, बाकीच्या आठ मुलांवर सोडायच्या, आणि फळ्याच्या कोपऱ्यात फक्त बेरजा लिहून ठेवायच्या म्हणजे ज्याला त्याला पडताळता येईल. सोबत साध्या कॅल्क्युलेटरची M+ कळ एकदा नीट शिकवायची. आधी मेमरी रिकामी करायची, मग १२ × ३५ M+, पुढची जोडी, पुन्हा M+, शेवटी MRC दाबली की Σxy, म्हणजे xy रकान्याची बेरीज, हजर. परीक्षेत रकाने दाखवावेच लागतात, त्यांना गुण असतात. पण बेरीज बरोबर आली का हे तपासायला ही पद्धत फार उपयोगी. इतकी साधी गोष्ट कित्येक वर्गांत कुणी सांगतच नाही.

‘वर्गात सोपं, पेपरात अवघड’ ही तक्रारही अशीच उलगडावी लागते. वर्गातल्या उदाहरणांत मध्य बहुतेक वेळा पूर्णांक निघतो: ४०, ५०, ६५. पेपरात तो ४६.७ निघाला की प्रत्येक विचलन अपूर्णांकात जातं आणि मुलांचे हात थांबतात. गृहीत मध्याची पद्धत, म्हणजे सोयीचा एखादा पूर्णांक मध्य धरून मोजायचं, नेमकी अशा वेळेसाठी आहे, पण तिची गरज पडेल असं गणित वर्गात झालेलंच नसतं. मध्यिकेचंही (मीडियनचंही) तेच. १०–१९, २०–२९ असे वर्ग दिले की २०–२९ ची खालची सीमा १९.५ आणि रुंदी १० घ्यायची असते. मुलं २० आणि ९ घेतात आणि उत्तर थोडक्यात चुकतं. प्रत्येक प्रकरणात अपूर्णांकी मध्याचं एक, असे वर्ग असलेलं एक आणि एखादी वारंवारता गायब असलेलं एक गणित झालं, तर ही तक्रार कमी होते.

‘कन्सेप्ट क्लिअर होत नाही’ हे वाक्य रिग्रेशनच्या आसपास हमखास दिसतं. दोन रेषा असतात, त्या दोन का, हे सांगितलेलं नसतं. ‘y विचारलाय ना, मग byx (y चा x वरचा रिग्रेशन गुणांक) वापरा’ एवढ्यावर वर्ग पुढे जातो. पेपरात जाहिरातखर्च आणि विक्री अशी नावं आली, अक्षरं आलीच नाहीत, की पंचाईत. फळ्यावर खर्च आडव्या आणि विक्री उभ्या अक्षावर घेऊन चार-पाच ठिपके काढून, विक्रीचा अंदाज करायचा तर ठिपक्यांची रेषेपासूनची उभी अंतरं लहान ठेवायची, खर्चाचा करायचा तर आडवी, एवढं दहा मिनिटांत दाखवता येतं. ती दहा मिनिटं वाचवायला जाऊ नये.

भाषेबद्दलचे शेरेही जपून वाचावेत. मराठी माध्यमातून आलेली मुलं ‘इंग्लिश समजत नाही’ असं क्वचितच लिहितात, संकोच वाटतो. ती ‘सर एक्स्प्लेन करत नाहीत’ असं लिहितात. फॉर्म मराठीतही ठेवला आणि ‘कुठल्याही भाषेत लिहा’ असं वर छापलं, तर हीच मुलं दोन-तीन ओळी नेमक्या लिहितात.

आता कौतुकाचे शेरे. ‘सर बेस्ट आहेत’ यातून काहीच कळत नाही. ‘आयएमपी (परीक्षेला येणारे महत्त्वाचे प्रश्न) देतात, पेपर सोपा जातो’ हे वाचून मात्र सावध व्हावं. कॅरेल आणि वेस्ट या संशोधकांनी २०१० साली अमेरिकेच्या हवाई दल अकादमीतला अभ्यास प्रसिद्ध केला. तिथे मुलांना शिक्षक निवडता येत नाहीत, वाटप यादृच्छिक असतं आणि परीक्षा सगळ्यांना सारखीच. ज्या शिक्षकांना मुलांनी जास्त गुण दिले, त्यांची मुलं त्या कोर्समध्ये चमकली, पण पुढच्या गणिती कोर्समध्ये सरासरीने मागे पडली. म्हणजे आज बरं वाटणं आणि पुढे उपयोगी पडणं या दोन गोष्टी वेगळ्या निघू शकतात. आपण किती शिकलो, हे त्याच सेमिस्टरमध्ये सांगणं विद्यार्थ्याला जड जातं, यात त्याचा दोष नाही. म्हणून फीडबॅकच्या शेजारी आणखी एक गोष्ट ठेवावी: पुढच्या वर्षी ऑपरेशन्स रिसर्च किंवा रिसर्च मेथडॉलॉजी शिकवणाऱ्यांना विचारावं, कुठल्या डिव्हिजनच्या मुलांना प्रमाण विचलन पुन्हा पहिल्यापासून शिकवावं लागतं.

पूर्वग्रहाचा प्रश्नही आहेच. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या मॅकनेल आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगात ऑनलाइन वर्गातल्या शिक्षकांची नावं अदलाबदल केली होती. पुरुषाचं नाव दिसलं की तेच शिकवणं मुलांना जास्त चांगलं वाटलं. गृहपाठ किती लवकर परत मिळाला, या मोजता येण्याजोग्या गोष्टीतही फरक पडला. प्रयोग लहान होता, ४३ विद्यार्थ्यांचा, पण तो डोक्यात ठेवून मगच मॅडमचे आणि सरांचे आकडे शेजारी ठेवावेत. २०१८ साली टोरंटोच्या रायर्सन विद्यापीठात लवादाने असं ठरवलं की बढतीसाठी शिकवण्याची परिणामकारकता मोजायला हे गुण वापरायचे नाहीत. मला तो निर्णय योग्य वाटतो.

मग विचारायचं काय? मुलाने डोळ्यांनी पाहिलेलं विचारायचं. ‘शिक्षकांचं विषयावर प्रभुत्व आहे का?’ हा प्रश्न एफवायच्या मुलाला विचारून उपयोग नाही. ‘शेवटच्या बाकावरून फळा वाचता येतो का?’, ‘गेल्या चार लेक्चरमध्ये किती गणितं तुम्ही स्वतः सोडवलीत?’, ‘इंटर्नलचा पेपर तपासून दाखवला का, किती दिवसांनी?’, ‘सूत्र कुठून आलं हे सांगितलं का?’ असे प्रश्न हवेत. एक प्रश्न उलटा ठेवावा, उदाहरणार्थ ‘शंका विचारायला वेळ मिळत नाही’. ज्याने त्यालाही आणि बाकी सगळ्यालाही ५ दिलेत, त्याचा फॉर्म न वाचता भरलाय असं समजून बाजूला ठेवावा.

शेऱ्यांची वर्गवारी दोघांनी वेगवेगळी करावी: वेग, फळा आणि आवाज, उदाहरणं, भाषा, तपासणी, वागणूक. मग दोघांच्या याद्या जुळवाव्यात. जिथे जुळत नाहीत ते शेरे पुन्हा वाचावेत. दिसणं, कपडे, उच्चार, आडनाव यांवरचे शेरे शिक्षकांपर्यंत पोहोचवूच नयेत. आणि अपमान किंवा छळाची एक जरी तक्रार आली, तरी ती ४० मधली १ म्हणून सरासरीत बुडवायची नाही. ती त्याच दिवशी तक्रार निवारण समितीकडे किंवा अंतर्गत समितीकडे जायला हवी.

वेळेचं शेवटी सांगतो, पण ते फार महत्त्वाचं आहे. सेमिस्टर संपल्यावर घेतलेल्या फीडबॅकचा फायदा तो भरणाऱ्या मुलांना कधीच मिळत नाही. पाचव्या-सहाव्या आठवड्यात, इंटर्नलच्या आधी, अर्ध्या कागदाच्या चिठ्ठीवर दोनच प्रश्न द्यावेत: कुठे अडतंय, आणि काय असंच चालू ठेवावं. नाव लिहायचं नाही. पुढच्याच लेक्चरला पहिली पाच मिनिटं शिक्षकांनी सांगावं: तुमच्यातल्या इतक्या जणांनी हे लिहिलंय, त्यातलं हे मी आजपासून बदलतो, आणि हे बदलता येणार नाही, कारण सिलॅबसला इतकेच तास आहेत. मग सेमिस्टर संपताना त्याच दोन प्रश्नांच्या चिठ्ठ्या पुन्हा घ्याव्यात, आणि अडचणींच्या यादीत कुठली ओळ गळली, कुठली नवीन आली, ते दोन्ही गठ्ठे शेजारी ठेवून पाहावं.