१३२ गावं आणि रुपयाचं नाणं

जुलै २०१९. रात्रपाळीला मी होते आणि डाक आवृत्तीची, म्हणजे बाहेरगावी जाणाऱ्या अंकाची, पानं सुटायला वीस मिनिटं उरली होती. तेवढ्यात एजन्सीची कॉपी आली: उत्तराखंडच्या उत्तरकाशी जिल्ह्यात तीन महिन्यांत १३२ गावांमध्ये २१६ बाळं जन्मली, त्यांत मुलगी एकही नाही. वृत्तसंपादकांनी पान एकचा अँकर, म्हणजे तळाची ठळक बातमी, काढून ही बातमी लावायला सांगितली. '१३२ गावांत ती जन्मलीच नाही' हा मथळा माझाच. खोटं कशाला सांगू, सुचला तेव्हा स्वतःवरच खूश झाले होते.

पानं गेली, चहा आला. शहर आवृत्तीला अजून वेळ होता. सहज चाळा म्हणून २१६ ला १३२ ने भागलं. १.६. म्हणजे गावामागे धड दोन बाळंही नाहीत! जिथे एकच बाळंतपण झालं, तिथे मुलगा होण्याची शक्यता निम्मी. किंचित जास्तच, कारण निसर्गतःच १०० मुलींमागे साधारण १०५ मुलगे जन्मतात. दोन बाळंतपणं असतील तर दोन्ही मुलगे असण्याची शक्यता पाव. त्यात नवल ते काय?

पटेना म्हणून शिपाईकाकांकडून रुपयाचं नाणं घेतलं. न्यूजप्रिंटच्या कागदावर वीस गावं आखली. पहिल्या दहांत एकेक बाळ, पुढच्या दहांत दोन-दोन. छापा म्हणजे मुलगा. पानं लावणारा मुलगा मागे येऊन उभा राहिला, "ताई, मॅच आहे का कुठली?" शेवटी बेरीज केली. आठ गावांत दहा मुलगे, मुलगी एकही नाही. माझ्या टेबलावर, कुठल्याही सोनोग्राफीशिवाय. आणि सहा गावांत नुसत्या मुलीच.

कागद घेऊन वृत्तसंपादक सरांकडे गेले. ते वैतागले. "अगं, बीड विसरलीस? २०११ च्या जनगणनेत हजार मुलग्यांमागे ८०७ मुली. हा काय छापा-काटा होता?"

नव्हताच. पण ती अख्ख्या जिल्ह्यातल्या शून्य ते सहा वयाच्या पोरांची मोजणी होती, लाखांच्या घरातली. त्यातली गावं कुणी निवडलेली नव्हती. इथे मुलगी न जन्मलेली गावं आधी बाजूला काढली आणि मग त्यांत मुली किती ते मोजलं. नापास झालेली पोरं एका वर्गात बसवायची आणि या वर्गाचा निकाल शून्य टक्के लागला म्हणून बोंब मारायची, तशातली गत. "सर, बाकीच्या गावांचं काय झालं, एवढंच कॉपीत नाही," मी म्हटलं. त्यांनी कागद उलटसुलट पाहिला. शहर आवृत्तीत बातमी अँकरवरून उतरून एका कॉलमात गेली. माझा मथळाही गेला. थोडं वाईट वाटलं, नाही म्हणत नाही.

बाकीच्या गावांचे आकडे नंतर बाहेर आले. १२९ गावांत १८० मुली, मुलगा एकही नाही. उरलेल्या गावांत दोन्ही. अख्ख्या जिल्ह्याची बेरीज ४६८ मुलगे, ४७९ मुली. १०५ ला १०० या हिशेबाने ४८५ आणि ४६२ यायला हवे होते. मुलीच सतराने जास्त! उत्तरकाशीत गर्भलिंगनिदान होतच नाही, असं यावरून म्हणता येणार नाही. होतं, असंही नाही. एवढ्याशा बाळांत ते दिसायचंच नाही.

'१२९ गावांत तो जन्मलाच नाही' असा मथळा करून मी सरांना दाखवला. ते हसले आणि बातमी सातव्या पानावर दोन परिच्छेदांत लावली.

त्याच आठवड्यात आत्याचा फोन आला. त्यांच्याकडे आमची डाक आवृत्ती जाते. कात्रण तिने भिशीच्या ग्रुपवर टाकलं होतं. "काय गं ही माणसं, एक मुलगी जन्माला येऊ देत नाहीत!" मी नाण्याची गोष्ट सांगायला लागले. ती मधेच म्हणाली, "अगं, पण तुमच्याच पेपरात आलंय की."