तुम्ही विचारलंत म्हणून: इतक्या जुन्या लूर्स अजून का वापरते

मंडळाच्या पिकनिकला तळ्याकाठी मी रॉड जोडायला घेतला की कुणीतरी येऊन माझ्या बॉक्समध्ये डोकावतंच, आणि मग तो प्रश्न येतो, "ताई, आता एवढ्या भारी लूर्स मिळतात, डोळे काय, खवले काय, अगदी खरा मासाच वाटतो, मग तुमच्याकडे ह्या आजोबांच्या काळातल्या का?" उभ्या उभ्या काहीतरी सांगते पण ते अर्धवट राहतं, तोवर भेळ तयार झालेली असते आणि सगळे तिकडे जातात. म्हणून आज नीट लिहितेय.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी आधी दोन ओळी. लूर म्हणजे गळाला लावायचं खोटं आमिष, लाकडाचं, प्लास्टिकचं, धातूचं, कसलंही. आणि बास म्हणजे इथे अमेरिकेत ज्याच्यामागे लोक वेडे असतात तो लार्जमाउथ बास, हिरवट अंगाचा, कुशीवर काळपट पट्टा, आणि जबडा एवढा मोठा की बेडूक, उंदीर, बदकाचं छोटं पिल्लू, काहीही आत जातं. हा मासा फार पाठलाग करत नाही, पाणगवतात नाहीतर पडलेल्या झाडाखाली दबा धरून बसतो आणि एकदम येतो.

मी रेवदंड्याच्या बाजूची. लहानपणी मोठ्या काकांबरोबर खाडीवर जायचे, ओहोटीला उघाडीतून, म्हणजे खाडीच्या बांधातल्या झडपेतून, पाणी सुटायला लागलं की काका गळाला जिवंत कोळंबी लावून जिताड्याची वाट बघत बसायचे, आणि कोळंबी मेली की लगेच बदलायची कारण मेलेल्या कोळंबीकडे जिताडा ढुंकून बघत नाही असं त्यांचं ठाम मत. त्यामुळे लाकडाचा तुकडा पाण्यात टाकला आणि मासा आला हे मला कुणी सांगितलं असतं तर मी विश्वासच ठेवला नसता. मग मी पॉलिमरमध्ये, म्हणजे प्लास्टिक-रबराच्या शास्त्रात, एमएस करायला ओहायोत ॲक्रनला आले आणि इथेच राहिले. ॲक्रन म्हणजे टायरचं गाव, गुडइयर, फायरस्टोन सगळे इथलेच, आणि माझ्या शेजारी राहणारे आजोबा पण टायरच्या कारखान्यातून रिटायर झालेले. एका जुलैमध्ये त्यांनी मला रात्री साडेनऊला पोर्टेज लेक्सवर नेलं, ही गावाच्या दक्षिणेला तळ्यांची एक साखळीच आहे, आणि माझ्या हातात एक काळी लूर दिली. अंगठ्याएवढी, पोट फुगीर, तोंडाला पसरट, वाटीसारखी वाकवलेली धातूची पट्टी, आणि रंग जागोजाग दातांनी खरवडलेला. जिटरबग.

मी विचारलं, हिला हलवायचं कसं? ते म्हणाले, हलवायचं नाही, फेक, पाण्यावरची वलयं विरेपर्यंत थांब, मग एकाच गतीने हळू गुंडाळत राहा. तसं केलं आणि अंधारातून आवाज यायला लागला, डुबुक, डुबुक, डुबुक, अगदी ठेक्यात. ती पुढची पट्टी पाणी एकदा डावीकडे ढकलते एकदा उजवीकडे, लूर डुलत डुलत येते, करणारा हात नुसतं रीळ फिरवतो. दिसत काहीच नव्हतं, फक्त तो आवाज जवळ येत होता. आणि मधेच तो आवाज बंद पडून पाण्यावर कुणी फरशी आपटावी तसा धप्प आवाज आला आणि रॉड वाकला. तो बास दोन किलोच्या आसपास असेल, आजोबांनी टॉर्च धरला, मी हुक काढला आणि त्याला परत सोडला. त्या रात्री मी घरी येऊन झोपले नाही.

आता हे का चालतं ते सांगते, कारण माझं अर्धं उत्तर यातच आहे. माशाच्या अंगावर दोन्ही कुशींना एक रेघ असते, लॅटरल लाइन म्हणतात, तिच्यातून त्याला पाण्यातली हालचाल कळते, जवळजवळ कातडीने ऐकल्यासारखं. काळोखात बास त्या डुबुकडुबुकचा माग काढत येतो, आणि गती एकसारखी असेल तर त्याचा अंदाज चुकत नाही, म्हणून जिटरबग थांबवत-झटकत ओढायची नाही. आणि रंग काळाच का, तर मासा खालून वर बघतो, रात्रीचं आकाश पाण्यापेक्षा थोडं तरी उजळ असतं, त्याच्यावर काळी आकृती सगळ्यात ठसठशीत दिसते. खवले, डोळे, चमक यातलं काही त्याला त्या वेळी दिसतच नाही. अजून एक, आवाज झाला की लगेच रॉड झटकायचा नाही, लाइनवर वजन जाणवलं की मगच, नाहीतर तुम्ही त्याच्या तोंडातून लूर काढून घेता. हे एवढं अवघड आहे ना, की अजूनही कधीकधी माझा हात आधी उडतो.

ही जिटरबग फ्रेड आर्बोगास्टची, आणि तो माणूस ॲक्रनचाच, गुडइयरमध्ये नोकरी केलेला, लांब आणि अचूक लूर फेकण्याच्या स्पर्धांमध्ये नाव कमावलेला. 1938 मध्ये ही बाजारात आली, जिटरबग नाचाची तेव्हा लाट होती त्यावरून नाव. दुसऱ्या महायुद्धात धातू मिळेना तेव्हा तोंडाची पट्टी प्लास्टिकची केली, तसली एक आजोबांच्या शोकेसमध्ये आहे, ती ते कुणाला वापरायला देत नाहीत आणि बरोबरच आहे. आर्बोगास्टची दुसरी गोष्ट म्हणजे रबरी पट्ट्यांची झालर, स्कर्ट म्हणतात तो, रबराच्या गावातल्या माणसाला सुचावी अशीच. हुला पॉपर नावाच्या लूरला मागे ती झालर असते, थांबली तरी पाण्यात हलत राहते. आज बासच्या कितीतरी लूर्सना सिलिकॉनची झालर असते, ती त्याच कल्पनेची पुढची पिढी. हुला पॉपर मात्र मी फारशी वापरत नाही, ती चांगली आहे, पण माझा जीव जिटरबगवर.

माझी दुसरी जुनी लूर म्हणजे झारा स्पूक, जिटरबगच्या अगदी उलट. जिटरबग सगळं स्वतः करते, स्पूक स्वतः काहीच करत नाही, पाण्यात पडली की सिगारसारखी नुसती तरंगत राहते, नवीन माणसाला वाटतं बिघडलीय. तिला चालवायला लागतं: लाइन थोडी सैल, रॉडचं टोक खाली, मनगटाचा छोटा झटका आणि लगेच ढील, परत झटका परत ढील, की तिचं नाक एकदा डावीकडे वळतं एकदा उजवीकडे. याला इथे कुत्रा फिरवणं म्हणतात. ढील द्यायची विसरलात तर ती सरळ ओढली जाते आणि सगळं संपलं. मला हे जमायला तीन वीकेंड लागले, पहाटे पाणी आरशासारखं असताना धक्क्यावर उभी राहून फक्त मनगट, मासा पकडायचा विचारच नाही. आणि ज्या दिवशी जमलं त्या दिवशी पतंगाला ढील द्यायची ती अक्कल एकदम हातात आली.

ही लूर हेडन कंपनीची, मिशिगनमधल्या डोवाजॅकची. जेम्स हेडन हा मधमाश्या पाळणारा माणूस, त्याची गोष्ट अशी सांगतात की 1890 च्या दशकात गावातल्या गिरणीच्या तळ्याकाठी मित्राची वाट बघत बसला असताना चाकूने लाकूड तासत होता, उठताना तो तुकडा पाण्यात फेकला आणि बासने त्याच्यावर उडी मारली. त्या गोष्टीवर कंपनी उभी राहिली. स्पूकची आधीची आवृत्ती लाकडी होती, झारागोसा, फ्लोरिडातल्या पेन्साकोला शहरातल्या एका रस्त्यावरून नाव पडलं म्हणतात, आणि 1939 मध्ये ती प्लास्टिकची झाली, अर्धपारदर्शक, भुतासारखी दिसायची म्हणून स्पूक. आज हेडन आणि आर्बोगास्ट ही दोन्ही नावं आर्कान्सातल्या एकाच कंपनीकडे आहेत, आणि दोन्ही लूर्स अजून बनतात, कुठल्याही दुकानात मिळतात.

तर मुद्दा हा. नव्या लूर्सवर जे बारीक चित्रकाम असतं ते बऱ्याचदा दुकानात उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांसाठी असतं. हेडन, आर्बोगास्ट ही माणसं आधी मासेमारी करणारी होती, आपल्या पाण्याला ओळखणारी, आणि त्यांनी फक्त एक प्रश्न सोडवला, पाणी कसं हललं तर हा मासा येतो. तो प्रश्न सुटला की सुटला, कारण बास बदललेला नाही. फिनलंडच्या लाउरी रापालाचंही तेच, 1936 मध्ये बुचाच्या झाडाची साल तासून त्याने छोटा मासा केला, वर चॉकलेटची चांदी गुंडाळली, फोटोच्या निगेटिव्ह वितळवून त्याचं वॉर्निश दिलं, आणि सगळा जीव लावला तो फक्त जखमी मासा जसा लडबडतो तशी चाल आणण्यात. ऑगस्ट 1962 मध्ये लाइफ मासिकात त्याच्या लूरवर लेख आला, मुखपृष्ठावर नुकतीच गेलेली मॅरिलिन मन्रो, त्यामुळे तो अंक घराघरात पोचला आणि रापालाही. पण चाल नसती तर पुढच्या वर्षी लोक विसरले असते.

आणि जॉर्ज पेरी. 2 जून 1932, जॉर्जियातलं माँटगोमेरी लेक, मंदीचा काळ, विशीच्या आसपासचा शेतकरी पोरगा, क्रीक चब कंपनीची एक लाकडी लूर, आणि बास निघाला 22 पौंड 4 औंसांचा, म्हणजे दहा किलोच्या वर, जागतिक विक्रम. घरी नेऊन सगळ्यांनी खाल्ला. तो विक्रम 77 वर्षं कुणाला गाठता आला नाही, 2009 मध्ये जपानच्या बिवा सरोवरात एकाने बरोबरी केली, आणि तीही जिवंत माशाचं आमिष लावून. अंगावर काटा येतो माझ्या हे वाचताना प्रत्येक वेळी.

याचा अर्थ नवीन सगळं वाईट असा नाही हं. जुन्या लूर्सचे हुक मी सरळ काढून टाकते आणि आजचे धारदार लावते, त्यांचे उलटे काटे पक्कडीने दाबून टाकते म्हणजे माशाला सोडताना इजा कमी होते आणि माझ्या बोटालाही. तुम्हाला फक्त जास्तीत जास्त मासे हवे असतील तर जिटरबग नकोच, प्लास्टिकचं गांडूळ घ्या. पण ते तरी नवीन कुठे आहे? ते पण ॲक्रनचंच! निक क्रीम नावाच्या माणसाने बायकोबरोबर 1949 मध्ये घरच्या किचनमध्ये शेगडीवर शिजवलं, खऱ्या गांडुळांचा साचा करून. माझ्या क्षेत्रातली गोष्ट म्हणून सांगते, पीव्हीसीची पावडर प्लास्टिसायझर नावाच्या तेलकट द्रवात मिसळून तापवली की ती थंड झाल्यावर मऊ, लवचिक राहते, तेच हे गांडूळ. आणि म्हणूनच ही गांडुळं रंगवलेल्या लूर्सबरोबर एका खणात कधीही ठेवू नका. तो प्लास्टिसायझर हळूहळू बाहेर येतो आणि शेजारचा रंग, कधी अख्खं प्लास्टिकच वितळवतो. आजोबांनी मला दिलेली बेडकाच्या रंगाची जिटरबग मी अशीच घालवली, एक हिवाळा बॉक्स गॅरेजमध्ये बंद राहिला आणि मार्चमध्ये उघडला तर तिच्या पोटाचा रंग चिकट लगदा झाला होता. मला हे माहीत असायला हवं होतं, माझं काम आहे ते. त्यांना सांगताना फार वाईट वाटलं, ते काही बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशी माझ्या पायरीवर एक रिकामा, वेगवेगळ्या खणांचा बॉक्स ठेवलेला होता. आणि तुटलेली गांडुळं पाण्यात टाकू नका प्लीज, ती कुजत नाहीत, मासे गिळतात, खिशात घालून घरी आणा.

कुठली घ्यायची असं विचारणार असाल तर 3/8 औंसाची काळी जिटरबग, दहा डॉलरच्या आत येते. आधी मासेमारीचं लायसन्स काढा, मग जुलै-ऑगस्टमधली वारा नसलेली रात्र बघा, कारण उन्हाळ्यात पाणी तापलं की मोठे बास रात्रीच उथळ पाण्यात येतात. गप्पा मारणारा माणूस बरोबर नेऊ नका, आवाज ऐकायचा असतो.

मागच्या डिसेंबरमध्ये रेवदंड्याला गेले तेव्हा एक घेऊन गेले होते, हुक बदलून, खाऱ्या पाण्यातले जाड लावून. काका आता ऐंशीच्या घरात आहेत, लूर हातात घेऊन त्यांनी उलटीपालटी केली, वास घेतला आणि म्हणाले, "ह्याला वास कुठं हाय?" संध्याकाळी उघाडीवर गेलो, मी दोन-चारदा फेकून दाखवली, डुबुक डुबुक, ते कान देऊन ऐकत राहिले, मग माझ्या हातातून रॉड घेतला. त्या दिवशी काहीच लागलं नाही. रॉड आणि लूर मी तिथेच ठेवून आले.

फेब्रुवारीत त्यांचा फोन आला, इथे पहाटेचे चार वाजले होते. तांबोशी लागली होती, हातभर, आणि दुसऱ्या दिवशी लूर उघाडीच्या दगडात अडकून तुटली. "पोरी," म्हणाले, "अजून दोन धाड, काळ्याच."