समानुभूतीचे दोन पदर

केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ सायमन बॅरन-कोहेन आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेली ५० विधानांची स्वमग्नता-गुणांक (स्वमग्नतेची, म्हणजे ऑटिझमची, लक्षणे किती हे मोजणारी) प्रश्नावली मी भरून पाहिली. निदान नसलेल्या प्रौढांची सरासरी त्यांच्या अभ्यासात १६ च्या आसपास होती, म्हणजे ही लक्षणे थोडीफार सर्वांतच आढळतात. माझे गुण बरेच वर गेले (घरात कुणालाही आश्चर्य वाटले नाही). मात्र अशा माणसांना समानुभूती नसते, हे मला पटत नाही. दुसऱ्याच्या मनातले ओळखणे वेगळे आणि ते कळल्यावर जिवाची कालवाकालव होणे वेगळे. सांत्वनाला गेल्यावर मला शब्द सुचत नाहीत, पण त्या रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. स्वतः स्वमग्न असलेले संशोधक डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये ही अडचण दुहेरी असल्याचे, म्हणजे स्वमग्न आणि इतर माणसे या दोघांनाही एकमेकांचे मन ओळखणे अवघड जात असल्याचे मांडले, आणि माझ्या मौनाला कोरडेपणा समजणारे नातेवाईक आठवले की मला ते तंतोतंत पटते.