उदबत्ती लावून निवडलेलं कॅबिनेट

कोल्हापूरच्या उद्यमनगरात वरच्या मजल्यावर आमचं ड्रॉइंगचं छोटं ऑफिस आहे. खाली पॅटर्नचं, म्हणजे ज्यावरून ओतकामाचा साचा बनतो त्या नमुन्याचं काम चालतं, भिंतीपलीकडे ग्राइंडिंग. पॅटर्नची थ्री-डी ड्रॉइंगं ज्यावर करतो तो माझा कॉम्प्युटर मे महिन्यात रोज दुपारी मध्येच बंद पडायला लागला. कॅबिनेटचं, म्हणजे बाहेरच्या पेटीचं झाकण काढलं तर आत काळा थर. घरातली धूळ अशी नसते. बोटांवर चोळली की चमकत होती, आणि लोहचुंबक नेला तर काट्यासारखी उभी राहिली. ग्राइंडिंगची बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची पूड! वीज वाहून नेणारी ही पूड मदरबोर्डवर वर्षानुवर्षं साठत होती आणि मी निवांत होतो. मागच्या यूएसबीच्या तोंडाशी तर तांबूस गंज धरला होता.

भाचा म्हणाला, "मामा, जुनं कशाला पुसत बसताय? काचेचं कॅबिनेट घ्या की. तीन लायटिंगचे फॅन, लई भारी दिसतंय."

नवं घ्यायचंच होतं, पण आधी ही पूड आत शिरते कुठून ते बघायचं ठरवलं. मशीन चालू ठेवून एक उदबत्ती पेटवली आणि कॅबिनेटभोवती फिरवली. खालून पोरगा चहा घेऊन आला तो दारातच थांबला. "सर, आज कसली पूजा?" पूजा राहू दे, धूर बघ म्हटलं. डीव्हीडी ड्राइव्हच्या फटीतून, मागच्या रिकाम्या स्लॉटमधून, बाजूच्या पत्र्याच्या सांध्यातून धूर सरळ आत ओढला जात होता. मागचा फॅन आणि एसएमपीएसचा, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याचा फॅन, दोघेही हवा बाहेर फेकणारे. आत ढकलणारा एकही नाही. मग हवा मिळेल त्या भोकातून आत येणार, पुडीसकट. म्हणजे मला हवं होतं ते उलटं: आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्यापेक्षा जास्त, आणि ती फक्त जाळीतून गाळून.

कागदावर मापं लिहून राजारामपुरीत गेलो. बोर्ड मायक्रो एटीएक्स, म्हणजे २४४ मिलिमीटरचा चौकोन. प्रोसेसरवरचा कूलर १५९ मिलिमीटर उंच. ग्राफिक कार्ड २८२ मिलिमीटर लांब. भाच्याच्या पसंतीचं कॅबिनेट दुकानदाराने चालू करून दाखवलं. पुढे सबंध काच, कडेला बोटभर फट. त्या फटीवर हात धरला तर हवा जेमतेम. रंगीत फॅन आत नुसतेच गरागरा फिरत होते. दुसऱ्याला पुढे छान जाळी होती, पण कूलरची मर्यादा १५५. चार मिलिमीटरसाठी बाद. तिसऱ्याच्या खोक्यावर कार्डासाठी ३१० लिहिलं होतं. दुकानदार म्हणाला, "आरामात बसतंय." पण पुढचे फॅन आतल्या बाजूला बसणार, आणि फॅनची जाडी २५. उरले २८५, म्हणजे मोकळे फक्त तीन. आम्ही बिडाच्या पॅटर्नला मीटरमागे साधारण १० मिलिमीटर श्रिंकेज, म्हणजे थंड होताना आकसणं, धरणारी माणसं; इतकं काटोकाट माप हाताला पटत नाही. चौथ्यात ३३० होते, कूलरला १६५, आणि पुढची बारीक जाळी बोटाने खेचून निघत होती. तेच उचललं. दिसायला सुतकी काळं आहे. भाच्याने तोंड वाकडं केलं.

जोडणी रात्री घरी केली आणि पहिल्या बटणाला मशीन मेलेलंच. एसएमपीएस तपासला, रॅम काढून घातली, तासभर गेला. शेवटी बोर्ड उचलला तेव्हा कळलं. कॅबिनेटमध्ये मोठ्या एटीएक्स बोर्डासाठी पितळी खुंट्या आधीच बसवलेल्या होत्या, आणि एक खुंटी माझ्या बोर्डाला भोकच नाही अशा जागी मागच्या सोल्डरच्या डागांना टेकत होती. दोन मिनिटांचं काम होतं, आधी बघितलं असतं तर. नशीब, बोर्ड जळला नाही.

पुढे १२० मिलिमीटरचे दोन फॅन आत ढकलणारे, मागे एकच बाहेर फेकणारा. वरची जाळी चुंबकाच्या पट्टीने चिकटणारी निघाली. आमच्या ऑफिसात त्या पट्टीला आठवड्यात बिडाच्या मिश्या फुटल्या, म्हणून ती काढून वरची भोकं पुठ्ठ्याने बंद केली. परत उदबत्ती फिरवली. मागच्या स्लॉटपाशी धूर बाहेर ढकलला गेला, पुढे जाळीपाशी आत ओढला गेला. दुपारी ड्रॉइंग फिरवताना पूर्वी प्रोसेसर नव्वद अंशांच्या पुढे जायचा, आता पंच्याहत्तरच्या आसपास राहतो.

पंधरा दिवसांनी पुढची जाळी नळाखाली धरली तर मोरीत काळं पाणी वाहिलं. आत बॅटरी मारून पाहिलं, बोर्ड अजून हिरवा दिसत होता. आता पावसाळ्यात ती जाळी रात्रभर पंख्याखाली वाळवावी लागते, म्हणून धुणं शनिवारी काम संपल्यावर.