कॉइलच्या स्टडचे आटे गेले म्हणून कॉइल फेकायची नाही

आमच्या जुन्या कार्ब्युरेटरवाल्या गाडीची इग्निशन कॉइल, म्हणजे प्लगच्या ठिणगीसाठी उच्च दाबाची वीज तयार करणारा भाग, हा पत्र्याचा तेल भरलेला डबा. वर बेकेलाइटचं झाकण, मधोमध हाय टेन्शनची, म्हणजे उच्च दाबाची वायर, तिच्या दोन बाजूंना अधिक आणि उणे असे दोन पितळी स्टड, म्हणजे वायर जोडायचे आटेवाले खुंट. त्यातल्या अधिकच्या स्टडवरचा नट नुसताच फिरायला लागला. आवळला जाईना आणि निघेनाही. रस्ता खराब आला की गाडी मिसिंग का करत होती, म्हणजे मध्येच ठिणगी का चुकत होती, ते तेव्हा कळलं.

सल्ला मिळाला, "कॉइलच बदलून टाका." मी आधी मल्टिमीटर लावला. दोन स्टडांमध्ये 3 ओहमच्या आसपास, मधल्या टोकापर्यंत काही हजार ओहम. आतली तारेची दोन्ही वेटोळी, म्हणजे वाइंडिंग, शाबूत. मग पितळेच्या एवढ्याशा तुकड्यापायी चालती कॉइल टाकायची कशाला?

अर्थात ढिलं टर्मिनल तसंच चालवणंही मला मान्य नाही. 12 व्होल्टवर 3 ओहमच्या कॉइलमधून 4 अँपिअर जातात. ढिल्या जोडात अर्धा ओहम वाढला तर उरतात साधारण 3.4. कॉइलमध्ये साठणारी ऊर्जा करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणजे ठिणगीची जवळजवळ चौथाई ताकद त्या नटाखालीच गेली. शिवाय तो जोड तापतो, काळा पडतो आणि रोध आणखी वाढतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. स्टड झाकणात फिरता कामा नये. आत त्याला प्रायमरीच्या, म्हणजे दोन स्टडांमधल्या वाइंडिंगच्या वायरीचं टोक जोडलेलं असतं. स्टड फिरला की ते पिळलं जातं, तुटलं की कॉइल गेली. म्हणून झाकणाला टेकलेला खालचा नट एका पान्याने धरायचा आणि मगच वरच्या नटाला हात लावायचा. बहुतेक स्टड खराब होतात ते हा दुसरा पाना न लावल्यामुळे आणि लांब दांड्याने जोर केल्यामुळे, असं माझं ठाम मत आहे.

बॅटरीची वायर काढली, कॉइल गाडीतून उतरवली. नट निघावा म्हणून लगखाली (वायरीच्या टोकाची भोकाची धातूची पट्टी) स्क्रू-ड्रायव्हर सरकवून वर हलका दाब दिला आणि नट उलटा फिरवला, आला. कधीकधी फक्त नटाचे आटे गेलेले असतात आणि नवा पितळी नट लावला की काम संपतं. एम5 (5 मिमी व्यासाच्या) नटाला धरायला जेमतेम पाच आटे मिळतात, तो आधी जाऊ शकतो. इथे मात्र नवा नटही घसरला. स्टडच गुळगुळीत झाला होता.

मग एम4 डाय, म्हणजे 4 मिमीचे आटे पाडायचं हत्यार. एम5 स्टडचे आटे पूर्ण उतरवले की आतला गाभा जवळपास 4 मिमीचा उरतो, आणि एम4 ला नेमका तेवढाच लागतो! खालच्या नटाच्या वरचाच भाग बारीक कानशीने गोल उतरवला, टोकाला थोडा उतार दिला, तेलाचा थेंब टाकला. डाय अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. खालच्या नटावरचा पाना शेवटपर्यंत सोडला नाही. झाकणावर आधीच कापड गुंडाळलं होतं, कारण पितळेचा कीस तिथे राहिला तर हाय टेन्शनला पळवाट मिळते. तरी नंतर ब्रशने झाकण साफ केलंच.

जुन्या लगचं भोक आता मोठं पडत होतं, म्हणून 4 मिमी भोकाचा नवा लग वायरीवर दाबून (क्रिंप करून) बसवला. वर वॉशर, स्प्रिंग वॉशर, नट. एम4 पितळ फार जोर सोसत नाही. स्प्रिंग वॉशर सपाट झाला की थांबायचं.

वायर थेट स्टडला झाळायचा पर्याय मी बाजूला ठेवला. उष्णता स्टडमधून खाली जाऊन आतला जोड ढिला करू शकते. आणि स्टड मुळातच हलत असेल किंवा बुडाशी तेल पाझरत असेल, तर दुरुस्तीच्या मागे लागू नका, कॉइल बदला.

जोडल्यावर एक तपासणी जरूर करा. पॉइंट (डिस्ट्रिब्युटरमधले कॉइलचा करंट चालू-बंद करणारे संपर्क) मिटलेले, चावी ऑन, मीटरचं एक टोक स्टडच्या माथ्यावर, दुसरं लगवर. करंट वाहत असताना तिथे 0.1 व्होल्टपेक्षा कमी दिसायला हवेत. वाचन झालं की चावी लगेच बंद करा, नाहीतर कॉइल तापते. आमच्या मीटरवर आकडा शून्याला टेकला. त्याच बैठकीत उणेच्या स्टडवरही नवा नट चढवला.