टाचणीएवढं भोक

प्रेसवर काम करणाऱ्या मामांचा फोन आला तो रजा सांगायला. "साहेब, आजची माझी रजा टाका. बोटाला जरा लागलंय."

मी कारखान्याच्या कार्मिक विभागात. रजा, हजेरी, अपघाताचे अहवाल आणि भरपाईचे कागद माझ्याकडे. त्यामुळे सवयीने विचारलं, "कामावर लागलं का?"

"तसं काही नाही हो. प्रेसच्या होजचं तेल उडालं काल. बारीकसं भोक आहे, टाचणीएवढं. पण रात्रभर ठणकतंय. आता बोट गार पडल्यासारखं वाटतंय."

मी खुर्चीतून उठलोच. सुरक्षा प्रशिक्षणात दाखवलेला एक फोटो माझ्या डोक्यातून कधी गेला नव्हता. हायड्रॉलिक लाइनला, म्हणजे प्रेससारख्या यंत्रात दाबाखालचं तेल नेणाऱ्या होजला, नळीला, बारीक चीर पडली की तेलाची धार सुईसारखी सुटते. कातडी भेदायला सात बारचा दाब पुरतो आणि आमची प्रेस दोनशेवर चालते. बाहेरून एक ठिपका दिसतो, रक्तही धड येत नाही. तेल मात्र आत बोट हलवणाऱ्या कंडरांच्या, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांच्या, आवरणातून थेट तळहातापर्यंत पसरतं. सुरुवातीला दुखत नाही म्हणून माणूस फसतो. शस्त्रक्रिया करून ते तेल सहा तासांच्या आत धुऊन काढलं तर बोट वाचण्याची शक्यता बरी. मामांचे पंधरा तास उलटून गेले होते.

"मामा, आत्ता मोठ्या हॉस्पिटलात निघा. हाताचा सर्जन मागा आणि सांगा, दाबाखालचं तेल आत गेलंय. हेच शब्द."

दुपारी शस्त्रक्रिया झाली. पुढे आणखी दोन झाल्या. डाव्या तर्जनीचं शेवटचं पेर गेलं.

भरपाईचा दावा करायला मी बसलो तेव्हा खरी गोष्ट उलगडली. मामा पहाटेच एका दवाखान्यात जाऊन आले होते. तिथल्या केसपेपरवर स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: 'घरी खिळा टोचला.' डॉक्टरने धनुर्वाताचं इंजेक्शन आणि वेदनाशामक गोळ्या देऊन घरी पाठवलं. दुसरं काय करणार? खिळ्याच्या जखमेला तोच उपचार. त्या तीन शब्दांनी दाव्याचं काय झालं ते पुढे सांगतो. पण आधी त्यांनी बोटाचे आणखी काही तास खाल्ले होते.

"असं का सांगितलंत?"

मामा बराच वेळ बँडेजकडे बघत राहिले. मग म्हणाले, "गळती शोधायला बोट फिरवलं मी. पुठ्ठा धरायचा असतो, मलाच माहीत नाही का? पोरांना मीच ओरडतो. चूक माझी म्हटल्यावर कंपनी काय देणार, उलट नोकरी जाईल."

म्हणून फोरमनला सांगितलं नाही, अपघात वहीत नोंद केली नाही, शिफ्ट पूर्ण केली आणि डॉक्टरला खिळा सांगितला. जी चूक लपवायला हे सगळं केलं, ती लपवायची गरजच नव्हती. बिस्मार्कच्या काळात, १८८४ साली, जर्मनीने अपघात विम्याचा कायदा केला. तेव्हापासून या व्यवस्थेच्या मुळाशी हाच सौदा आहे की चूक कोणाची याचा कीस काढायचा नाही. कामामुळे इजा झाली एवढं पुरे. कायदे जागोजागी वेगळे असतात, मुदती वेगळ्या असतात, पण साधा निष्काळजीपणा सहसा दावा बुडवत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९६४ च्या १२१ क्रमांकाच्या करारात लाभ कधी थांबवता येतो ते कलम २२ मध्ये दिलंय. खोटा दावा, स्वतःहून केलेली नशा, जाणूनबुजून केलेलं गंभीर गैरवर्तन, विनाकारण टाळलेले उपचार. घाईत फिरवलेलं बोट त्यात बसवणं अवघड आहे. 'खिळा' मात्र पहिल्याच शब्दाच्या फार जवळ जाऊन बसतो.

विमावाल्यांनी अपेक्षित तेच विचारलं. पहिल्या डॉक्टरकडे घर, दुसऱ्याकडे कारखाना, खरं कोणतं? आणि त्याच दिवशी कळवलं का नाही? मला त्यांचा राग आला नाही. त्यांच्या जागी मीही विचारलं असतं.

मामांनी निवेदन लिहायला घेतलं. पहिल्या मसुद्यात होज फुटून त्यांच्या अंगावर आला होता. दुसऱ्यात तो फुटला नव्हता, पण मामा नुसते शेजारून चालले होते. मी दोन्ही फाडले. माझा पगार कंपनी देते, त्यामुळे मी कंपनीची बाजू राखतोय असं त्यांना वाटलं असणार. तोंडावर काही बोलले नाहीत, पण दोन दिवस फिरकले नाहीत. तिसरा कागद आणला त्यात चारच ओळी होत्या. गळती शोधताना बोट फिरवलं, पुठ्ठा घ्यायला हवा होता, घेतला नाही, भीतीपोटी डॉक्टरला खोटं सांगितलं. हेच बोट पूर्वी एकदा मोडलं होतं, तेही मी लिहायला लावलं. जुन्या एक्स-रेतून ते कुणीतरी शोधून काढण्यापेक्षा आपण सांगितलेलं बरं.

हेल्पर पोरगा मदतीला धावला. "मी पाहिलं म्हणून लिहितो साहेब." पाहिलं होतं का? नव्हतं. त्याने पाहिलं होतं ते एवढंच की मामांनी हातमोजा काढून बोट झटकलं आणि म्हणाले, "चावलं काहीतरी." तेवढंच लिहून घेतलं. दवाखान्यातले डॉक्टर जुनी नोंद खोडायला तयार झाले नाहीत, ते बरोबरच. रुग्णाने आज वेगळी हकीकत सांगितली, अशी त्या दिवसाची तारीख घालून त्यांनी खाली जोडलं. मेंटेनन्सच्या रजिस्टरमध्ये त्याच संध्याकाळी तोच होज बदलल्याची नोंद सापडली.

आणि मोजा सापडला. मामांच्या लॉकरमध्ये, तेलाने कडक झालेला, तर्जनीच्या टोकाला ते भोक. पुरावा म्हणून ठेवला नव्हता. आमच्या स्टोअरमध्ये जुनी जोडी दिल्याशिवाय नवी मिळत नाही, म्हणून ठेवला होता.

दावा मंजूर झाला, पण महिने गेले. मधल्या काळात मामा बोटाच्या व्यायामाला तीनदा गेले नाहीत आणि प्रत्येक गैरहजेरीची चौकशी माझ्याकडे आली. एकदा मेहुण्याच्या गॅरेजमध्ये 'नुसतं बसायला' जाऊ का, असं विचारलं. पगाराऐवजी पैसे चालू असताना गॅरेजमध्ये पाना हातात घेतलेला एक फोटो पुरेसा आहे, असं मी सांगितलं. ते हसले, पण गेले नाहीत. डॉक्टरांनी हलक्या कामाला परवानगी दिली तेव्हा ती चिठ्ठी मात्र त्याच दिवशी आणून दिली. टूलरूममध्ये बसायचं काम त्यांना अजिबात आवडलं नाही.

प्रेसवर परतले त्या दिवशी सकाळीच माझ्या टेबलासमोर उभे.

"साहेब, तो मोजा परत द्या."

"तो फाइलला लागलाय मामा. आता नाही मिळायचा."

"मग स्टोअरवाला मला नवी जोडी कशी देणार? एकच मोजा उरलाय माझ्याकडे."

मी चिठ्ठी लिहून दिली. स्टोअरवाल्याने ती परत पाठवली. त्याला त्यावर विभागप्रमुखांची सही हवी होती.