माझा अनुभव : बटाट्याच्या सळीतला ३१९

टोकियोच्या निशि-कासाई भागात भारतीयांची बरीच वस्ती आहे. तिथल्या एका दुकानदाराला आमचा घरगुती चिवडा हवा होता. अट एकच, टीबीएचक्यू नको. तेल खवट होऊ नये म्हणून घालतात तो हा अँटिऑक्सिडंट. आपल्याकडे खाद्यतेलात किलोला २०० मिलिग्रॅमपर्यंत चालतो, जपानमध्ये अजिबात नाही.

पाकिटावर नाव शोधत बसू नका, आकडा शोधा. खाण्यात घालायच्या अशा प्रत्येक पदार्थाला एक ठरलेला आंतरराष्ट्रीय क्रमांक असतो, तो आयएनएस. टीबीएचक्यू म्हणजे ३१९, त्याचीच भावंडं बीएचए ३२०, बीएचटी ३२१. ३०० दिसला तर ते क जीवनसत्त्व, ३०७ ही ई जीवनसत्त्वाची मंडळी. आमच्या रिफाइंड तेलाच्या पिशवीवर ३१९ लगेच सापडला, म्हणून घाण्याचं शेंगदाणा तेल घेतलं. पोहे, डाळं, खोबरं यांचा प्रश्नच नव्हता.

अडलं ते सळीपाशी. बटाट्याची तळलेली सळी आम्ही ठोकात आणायचो. पाकिटावर छापलेलं: पामोलिन तेल, परमिटेड अँटिऑक्सिडंट. अहो, पण कोणता? नियमाप्रमाणे नाव नाहीतर आयएनएस क्रमांक द्यायलाच हवा. कस्टमर केअरला फोन लावला.

"मॅडम, परमिटेड आहे ना, मग काय प्रॉब्लेम?"

"जपानात नाहीये."

"आमचा माल जपानला जात नाही."

मग क्वालिटी डिपार्टमेंट. तिथले साहेब कायम मीटिंगमध्ये. ईमेल केला तर यंत्राचं उत्तर, आपलं समाधान हेच आमचं ध्येय. हे ध्येय वाचून डोकं इतकं तापलं की त्याच तिरीमिरीत पाकिटाच्या दोन्ही बाजूंचे फोटो, बॅच नंबर आणि १४ आकडी परवाना क्रमांक जोडून पुन्हा लिहिलं, आणि खाली टाकलं, 'उत्तर न आल्यास फूड सेफ्टी कनेक्टवर तक्रार करणार.' खाद्यपदार्थांच्या तक्रारींची ही सरकारी सोय. साहेबांची मीटिंग संपली. उत्तर आलं, 'आयएनएस ३१९.' ना नमस्कार, ना सही.

तेव्हा फोनवर घसा कोरडा करू नका, लेखी विचारा. आणि हो, फोटो पाकीट फोडण्याआधी काढा. नेमकी हीच ओळ शिवणीजवळ असते आणि फाडताना जाते. अक्षर मुंगीएवढं, फोटो मोठा करूनच वाचता येतं.

सळी आता घरीच किसून तळतो. कोल्ड स्टोरेजचा बटाटा घेऊ नका, लाल होतो. अँटिऑक्सिडंट नाही म्हटल्यावर चिवडा लवकर खवटणार, म्हणून बेस्ट बिफोरची तारीख अलीकडे आणली. दुकानदार त्यावर कुरकुरला, पण माल घेतला.